लाल वायर, काळी वायर

शुक्रवारी संध्याकाळी मीरा साळवेच्या घरातला मोठा खटका पडला, तो पडलाच. वर ढकलला की टक्‌ करून खाली. पुन्हा वर, पुन्हा टक्‌. आत कुणी हट्टी माणूस बसलाय आणि बोटाला ढोसून सांगतोय, नाही म्हणजे नाही.

खटका त्याच संध्याकाळी बसवलेला, कोरा करकरीत. बाजूच्या इमारतीत गिझरचा शॉक बसून एक म्हातारा थोडक्यात वाचला, तेव्हापासून मुलुंडला राहणाऱ्या तिच्या मुलानं, सम्यकनं, फोनवर एकच धोशा लावला होता. आई, माणूस वाचवणारा तो नवीन खटका असतो, तो बसवून घे. दुकानातून नितेश नावाचा इलेक्ट्रिशियन आला, खटका बसवला, वर केला, टक्‌. पाच-सहा वेळा करून बघितलं. मग बोर्डाचं झाकण तसंच उघडं ठेवून त्यानं भिंतीवरच्या, वायरी झाकणाऱ्या लाकडी पट्ट्यांकडे मान वर करून पाहिलं.

"आजी, हे वायरिंग कोणी केलं होतं?"

"घरच्याच माणसानं."

"तेच म्हटलं. कच्च्या हाताचं काम आहे. आतून सगळं कुजलं असणार. उखडून टाका, दुसरा उपाय नाय."

एवढं बोलून तो गेला. जाताना त्यानं सम्यकला फोनही केला. सोमवारी माणसं घेऊन येतो, पट्ट्या काढून सगळं नवीन करून देतो, असं दोघांचं ठरलंसुद्धा.

मीराला अंधाराचं काही वाटलं नाही. अंधार तिनं पुष्कळ बघितला होता. पण 'कच्च्या हाताचं' हे दोन शब्द तिच्या काळजात रुतून बसले. तिचा नवरा अंबादास विक्रोळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन होता. मोठमोठ्या मशिनी बंद पडल्या की साहेब लोक त्याला घरून बोलावून न्यायचे. हे घर मिळालं तेव्हा अकरा रविवार खपून त्यानं एकट्यानं इथलं वायरिंग केलं. सागाच्या पट्ट्या, पितळी स्क्रू. प्रत्येक स्क्रूची खाच उभी, एका रेषेत. एखादी आडवी राहिली तर स्टुलावर परत चढून सरळ करायचा. मीरा हसायची, "कोण बघतंय वरती जाऊन?" तर म्हणायचा, "पुढचा वायरमन बघेल ना."

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. कपडे देऊन टाकले, चष्मा एका गरजू माणसाला गेला, हत्यारांची पेटी कारखान्यातला एक दोस्त आठवण म्हणून घेऊन गेला. त्याच्या हाताचं म्हणून उरलं होतं ते भिंतींवर. ते सोमवारी उखडायचं, आणि तेही कच्चं म्हणून. मीरानं ठरवलं, उखडायचं तर उखडू, वस्तू म्हातारी झाली की जातेच. पण आधी मला कळू दे, तो चुकला होता का.

म्हणून तिनं विहारातल्या एका बाईकडून चेतनाचा नंबर मिळवला. भांडुपची, आयटीआय झालेली, चाळिशीची बाई, स्वतःच्या स्कूटरवर फिरून वायरिंगची कामं करणारी. शनिवारी सकाळी दहाला ती शिडी खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर हजर.

"जय भीम, मावशी. बाहेर काळोख केवढा! जिन्यात दिवा नाय का?"

"आहे ना. कालपासून तोपण गेलाय. वरच्या किरणनं सकाळी ड्युटीला जाताना नवा बल्ब लावला, तरी पेटला नाही."

त्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं, आणि मधली जिन्याची जागा बंदिस्त. खिडकी नाही, झरोका नाही. भर दुपारी तिथं बल्ब लागायचा आणि वर्षानुवर्षं तो चोवीस तास जळायचा. समोरच्या दाराखालून एक लांबलचक वायर मीराच्या घरात आली होती. तिच्यावर फ्रिज चालला होता. ती वायर ओलांडत समोरच्या घरातून रत्नप्रभा बाहेर आली. मीराच्याच वयाची, मालवणकडची, पन्नास वर्षं मुंबईत काढूनही जिभेवरचं गाव न सुटलेली.

"आयली काय गे तुझी वायरमन? बघूया तरी. बाईमाणूस शिडीर चढताना मी अजून बघूक नाय."

"बघा, आजी," चेतना म्हणाली, "पण शिडीखालून जरा लांबून. हातातनं पक्कड सुटली तर डोक्यावर पडेल."

"माझां डोक्यां नारळापरीस घट्ट आसा."

चेतनानं बोर्डापाशी उभं राहून आधी काहीच केलं नाही, नुसतं बघितलं. मग वर, पट्ट्यांकडे बघितलं. बराच वेळ. मीरा तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती.

"स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या आहेत, मावशी."

"हो."

"कोण होते?"

"आमचे मिस्टर."

चेतनानं मान हलवली आणि कामाला लागली. मोठ्या खटक्याखाली तीन छोटे खटके होते, एक स्वयंपाकघराचा, एक बाहेरच्या खोलीचा, एक आतल्या खोलीचा. तिनं तिन्ही खाली पाडले आणि मग मोठा वर केला. राहिला.

"म्हणजे नवा खटका चांगला आहे. दोष त्याच्यात नाय."

स्वयंपाकघर वर. राहिला. बाहेरची खोली वर. राहिला, पंखा फिरायला लागला. आतल्या खोलीचा वर केला आणि टक्‌! सगळं घर पुन्हा गप्प.

"सापडला. आतली खोली."

आतल्या खोलीत होतंच काय? एक पंखा, एक ट्यूब, इस्त्रीचा प्लग, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीवरचा छोटा दिवा. चेतनानं सगळ्यांचे प्लग काढले, सगळी बटणं बंद केली, पंख्याची वायरसुद्धा सोडवली. आता त्या खोलीत विजेला जायला जागाच नव्हती. पुन्हा वर. टक्‌.

मग तिनं पिशवीतून एक पिवळा डबा काढला. त्याचे दोन चिमटे वायरींना लावून बटण दाबलं की वायरीचं कातडं कुठं फाटलंय का ते कळतं, असं तिनं सांगितलं. तिनं बटण दाबलं. काटा बघितला. परत दाबलं. तिच्या कपाळावर आठी आली.

"गळतेय, मावशी. कुठंतरी गळतेय नक्की."

"म्हणजे तो नितेश म्हणत होता तसं..."

"थांबा हो. असं लगेच नसतं म्हणायचं."

पण मीरा मटकन खुर्चीवर बसली. एकतीस वर्षं. साहेब लोक. अकरा रविवार. आणि आत, लाकडाच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, गळती. तिला एकदम त्याचीच कीव आली, जसा तो समोर उभा आहे आणि चारचौघांत त्याची चूक निघाली आहे.

रत्नप्रभा तिच्या शेजारी येऊन बसली. तिचा हात मीराच्या पाठीवर.

"चेतना," मीरानं विचारलं, "हा खटका नेमकं बघतो काय? आमच्या ह्यांच्या वेळी नुसता फ्यूज असायचा. जास्त झालं की तार वितळायची. ते मला माहितेय."

चेतना शिडीच्या पायरीवर टेकली. समजावून सांगायची तिला हौस दिसली.

"हा जास्त-कमी बघत नाय, मावशी. हा मोजदाद करतो. लाल वायरीनं वीज घरात येते, काम करते आणि काळ्या वायरीनं परत जाते. जेवढी आली तेवढी परत गेलीच पाहिजे. हा खटका दाराशी बसतो आणि दोन्हीकडे लक्ष ठेवतो. समजा एखाद्या माणसाचा हात लागला, तर थोडी वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाणार. म्हणजे तेवढी परत आली नाय. याला ते कळतं, आणि तो पडतो. एका अँपियरचे हजार भाग केले, तर त्यातले तीस भाग जरी परत आले नायत, तरी पडतो. डोळा मिटायच्या आत."

"हजारातले तीस!" मीरा थक्क झाली. "एवढंसं त्याला कळतं?"

"कळतं. म्हणून तर माणूस वाचतो."

लग्न होऊन ती पारनेरकडच्या गावातून विक्रोळीच्या डोंगरावरच्या झोपडीत आली, तेव्हा तिथंही रॉकेलची चिमणीच होती. दोन वर्षांनी वीज आली, तेव्हा अंबादासनं पहिलं बटण तिला दाबायला लावलं होतं. तिनं घाबरून पदरानं दाबलं. उजेड पडला आणि तिला आपल्याच झोपडीची लाज वाटली, कारण भिंतींवरचा सगळा धूर दिसला. ती म्हणाली होती, ही येते कुठून? तो म्हणाला, येते कुठून ते सगळे विचारतात, परत जाते ते कुणी विचारत नाही. तेव्हा तिला ते समजलं नव्हतं.

"मग आपल्या घरातून निघालेली परत येत नाही, असं म्हणायचं का?" ती आता म्हणाली.

"बरोबर तेच. कुठं जाते, तेवढं शोधायचं."

चेतना पुन्हा बोर्डाकडे वळली. मीराला तिथं बघवेना. ती उठून दाराच्या चौकटीला टेकून काळ्या जिन्याकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागं चेतनानं आतल्या खोलीचा खटका वर केला. टक्‌.

आणि त्याच क्षणी मीराच्या डोळ्यांपुढं जिन्यात काहीतरी लखकन झालं.

तिला वाटलं, डोळ्याचाच दोष. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तरी ती तिथून हलली नाही.

"चेतना, परत कर."

"काय?"

"तोच खटका. परत वर कर."

टक्‌. आणि वर, छताखालच्या होल्डरमधला किरणनं लावलेला नवा बल्ब पापणी लवावी एवढा वेळ पेटला आणि विझला. या वेळी रत्नप्रभानंही पाहिला.

"गे बाय माझे! तो लुकलुकलो!"

चेतना बाहेर आली. तिनं एकदा बल्बकडे बघितलं, एकदा बोर्डाकडे. शिडी जिन्यात आणून लावली, चढली आणि बल्ब काढून पदरात धरावा तसा ओढणीत धरला.

"मावशी, आता तुम्ही वर करा. आतल्या खोलीचा."

"मी?"

"करा तर."

मीरानं बोट लावलं. वर ढकललं. मोठा खटका पडायची वाट बघत डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. बाहेरचा पंखा फिरत राहिला, घड्याळाचा काटा पुढं सरकला. खटका वरच.

"राहिला," चेतना शिडीवरून म्हणाली. तिनं खाली उतरून मेन बंद केला, पिवळ्या डब्याचे चिमटे पुन्हा लावले. बटण दाबलं, आणि ती स्वतःशीच हसली. "वायर नव्यासारखी आहे. कुठं एवढंसंपण गळत नाय. मावशी, तुमच्या घरात दोष नाय. दोष हा दिवा आहे. हा तुमच्या घरातून जळतो."

"आमच्या घरातून? अगं, हा सोसायटीचा दिवा आहे!"

"सोसायटीचो खंयचो?" रत्नप्रभा एकदम ताठ झाली. "तो दिवो आमचो आसा."



"तुमचा म्हणजे?" मीरा म्हणाली.

"आमचो म्हणजे आमचो! माझ्या घोवान लायलेलो. वायर आमच्या घरातसून गेली हा, न्हाणीच्या वरसून. कोणाक सांगा नको म्हणान माका शपथ घातली होती, म्हणान मी आजपर्यंत तोंड उघडूक नाय. अडतीस वर्सां!"

"रत्ना, अडतीस वर्षं तू माझ्याशी रोज बोलतेस आणि हे नाही सांगितलंस?"

"तू तरी खंय सांगितलंस तुझ्या घरातसून जळता तां?"

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं ना!"

चेतनाला हसू आवरेना. "थांबा, भांडू नका. वर एक डबी दिसतेय. तिला विचारू."

छताला, बल्बच्या वर, लाकडाची एक चौकोनी डबी होती. सोसायटीनं तीनदा रंग काढला, तेव्हा प्रत्येक वेळी तिच्यावरूनही ब्रश फिरला होता. ती आता भिंतीचाच फुगवटा वाटत होती. चेतनानं स्क्रूवरचा रंग खरवडला. पितळ चमकलं. मीरानं खालून टॉर्च धरला होता. तिला दिसलं, दोन्ही खाचा उभ्या होत्या.

झाकण निघालं. आत एका बाजूनं लाल वायर आली होती, मीराच्या आतल्या खोलीच्या भिंतीतून. दुसऱ्या बाजूनं काळी, रत्नप्रभाच्या न्हाणीवरून. दोन्ही येऊन होल्डरला मिळाल्या होत्या. लाल एका घरची, काळी दुसऱ्या घरची.

"अगं आई गं," चेतना पुटपुटली. मग तिनं झाकण उलटं केलं आणि टॉर्चच्या उजेडात धरलं.

"काय गं? काय आहे?"

"लिहिलंय."

"वाच."

झाकणाच्या आतल्या अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटनं, काडीनं लिहावं तसं, बारीक अक्षर होतं. चेतनानं शाळेत वाचतात तसं हळूहळू, ठणठणीत वाचलं.

"लाल अंबादास. काळी धाकू. दोन्ही घरांचे मेन बंद करूनच हात लावावा."

धाकू म्हणजे रत्नप्रभाचा नवरा. खाली कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. चेतना एक-एक पायरी सावकाश उतरली आणि झाकण मीराच्या हातात दिलं.

"पुस्तकाप्रमाणे हे चूक आहे, मावशी. एका घराची लाल, दुसऱ्या घराची काळी, असं कधीच करायचं नसतं. एका घराचा मेन बंद करून कुणी काळ्या वायरीला हात घातला असता, तर दुसऱ्या घराची वीज बल्बमधून फिरून त्याला लागली असती. तुमच्या मिस्टरांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर लिहून ठेवलं. मी कितीतरी घरं उघडली, पण पुढच्या वायरमनसाठी कुणी निरोप ठेवलेला बघितला नाय." ती थांबली. "कच्चा हात नाय हा. पण एवढ्या शहाण्या माणसानं असं केलं का, ते मला कळत नाय."

मीराला कळायला लागलं होतं. हळूहळू, पहाट होते तसं.

अडतीस वर्षांपूर्वी ती अनुपमाच्या, म्हणजे धाकट्या मुलीच्या वेळी, बाळंतपणाला माहेरी गेली होती. गेली तेव्हा जिना काळा होता. तीन महिन्यांनी मूल घेऊन परत आली, तेव्हा दिवा होता आणि दिव्याखाली पोती टाकून मजल्या-मजल्यावरची पोरं अभ्यासाला बसली होती. तिचा सम्यक होता, रत्नप्रभाचा सर्वेश होता, वरचा किरण होता. तिनं विचारलं, सोसायटीनं लावला का? अंबादास म्हणाला, लागला एकदाचा. म्हणजे तो खोटंही बोलला नव्हता.

धाकूची गिरणी संपात बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही. मिळेल ते काम करायचा. मान खाली घालून जिना चढायचा. आणि त्याच्या घरात तेव्हा त्याची आई होती. म्हातारी वाईट नव्हती, पण तिच्या मनात जुनं घट्ट बसलेलं. मीराच्या हातचं पाणी ती घेत नसे. एकदा उन्हातून चक्कर येऊन जिन्यात बसली, मीरा तांब्या घेऊन धावली, तर म्हातारीनं हातानंच नको म्हटलं आणि घशाला कोरड पडलेली असताना स्वतःच्या घरातून पाणी येईपर्यंत थांबली. धाकूनं ते पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो अंबादासशी बोलताना डोळ्याला डोळा देत नव्हता.

रत्नप्रभाच्याही मनात तेच आलं असावं. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, आणि आवाज खाली आला होता.

"मीरा, दिवो लायलो त्या दिवशी सासूबायन इचारल्यान, कोणाचो गे? ह्यांनी सांगितल्यानी, आमचो. म्हातारी खूश. मगे रोज तांदूळ निवडूक हयसरच बसायची, दिव्याखाली. मरासर बसली."

"हो. मला आठवतंय. माझ्या अनुपमाला मांडीवर घ्यायची तांदूळ निवडताना."

"पयल्यांदा घेतल्यान ती हयच."

मीरानं वर पाहिलं, रिकाम्या होल्डरकडे. तिला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं, दोन माणसं शिडीवर, एक वर, एक खाली शिडी धरून. नुसत्या अंबादासचा दिवा असता तर म्हातारी त्याखाली बसली नसती. नुसता धाकूचा असता तर त्याचं बिल त्याला झेपलं नसतं. म्हणून एकानं विजेचं येणं दिलं आणि दुसऱ्यानं परत जाणं. अडतीस वर्षं तिच्या घरातून वीज निघत होती, मुलांच्या पुस्तकांवर पडत होती, आणि तिला ठाऊक नसताना समोरच्या घरात शिरून तिथून परत जात होती. जिथं पाण्याचा तांब्या गेला नाही तिथं ती रात्रंदिवस जात-येत होती. आणि दोघंही गेले, एक शब्द न बोलता.

हजारातले तीस भाग हरवले तर कळणारा खटका चतुर खराच. पण हे हरवलं नव्हतं. ते पोचत होतं. त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

मीराच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते. डोंगर एकदम समोर आला की येतं तसं.

"आता?" तिनं विचारलं.

चेतनाला बोलणं जड गेलं, पण ती बोलली. "तोडावं लागेल, मावशी. असं ठेवता येत नाय. लाल आणि काळी एकाच घरची पाहिजे. दोन्ही तुमच्याकडून घेते. तुमच्याकडे नवा खटका आहे, ते बरं."

"आणि आमची काळी काढतलंस?" रत्नप्रभा उसळून उभी राहिली. "मगे आमचां काय ऱ्हवलां? सोसायटीक सांगून भाऊराव सेक्रेटरीचो दिवो लायशात? नाय हां! अजाबात नाय!"

"आजी, सुरक्षित नाय ते."

"माका कळता. मी खुळी नाय. पण..." ती मीराकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात, एवढ्या वर्षांत मीरानं कधी न पाहिलेली, एक विनवणी होती.

मीरा झाकणावरची अक्षरं अंगठ्यानं चाचपत होती. रंग अजून जरासा वर आलेला हाताला लागत होता. हातातलं हे सोडवत नव्हतं. आत्ता कुठं तिला कळलं होतं की दिवा आपल्या घरचाही आहे, आणि घटकाभरात तो सोडायचा. पण ज्यानं काळी वायर धाकूची ठेवून दिव्याचा निम्मा मान दोस्ताला दिला, त्याच्या बायकोनं दुसरं काय करायचं?

"चेतना, दोन्ही रत्नाकडून घे," ती म्हणाली. "लाल आमची खूप वर्षं झाली. आता तिची असू दे. आणि तो नवा खटका तिच्याकडेही बसव. कालच्यासारखा मी सम्यकला सांगून आणवते."

रत्नप्रभा पदरानं नाक पुसून म्हणाली, "आणि तू गे?"

"मी काय?"

"तू काय देतलंस? तुझां काय नसलां तर माझी वायर मी देवचंय नाय. सांगून ठेवतंय."

"बल्ब देईन. गेला की नवा, दर वेळी."

"चांगलो देवक व्हयो. तो किरणान लायलेलो काजव्यासारखो आसा."

चेतनानं दोन्ही घरांचे मेन बंद केले. स्वतः जाऊन दोन्हीकडे बघून आली, मगच शिडी चढली. पक्कडीनं लाल वायर तुटली तेव्हा बारीकसा आवाज झाला. मीरानं तुकडा मागून घेतला नाही. टोकाला पट्टी गुंडाळून चेतनानं ते भिंतीत आत सारलं. तासाभरानं रत्नप्रभाच्या न्हाणीवरून नवी लाल जुन्या काळीच्या शेजारी येऊन बसली. झाकण लावायच्या आधी चेतनानं खिशातून जाड पेन काढलं आणि खाली वाकून विचारलं, "काय लिहू?"

"लाल रत्नप्रभा, काळी रत्नप्रभा," मीरा म्हणाली.

"आणि बल्ब मीरा," रत्नप्रभा म्हणाली. "लिव. आधीचां खोडू नको."

तेवढ्यात मीराचा फोन वाजला. सम्यक होता.

"आई, नितेशला सोमवारी नऊला बोलावलंय. तू खोलीतलं सामान हलवून ठेवशील ना? मी रविवारी येऊ का मदतीला?"

"ये रविवारी. पण त्याला नको बोलावू. घरातलं वायरिंग पक्कं आहे. बाईनं मशीन लावून बघितलं."

"मग खटका पडत का होता?"

मीरानं वर पाहिलं. चेतना झाकण लावत होती, आणि स्क्रू पूर्ण आवळून झाल्यावर, जराशी मागं होऊन, तिनं पेचकस परत लावून खाच उभी केली.

"तू ये," मीरा म्हणाली. "तुला शिडीवर चढवून दाखवते. एवढंच सांगते आत्ता, तुझ्या बाबांची चूक होती. त्यांनी जाणूनबुजून केलेली."

"बाबा आणि चूक?"

"हो. ती बघायला अनुपमालाही घेऊन ये."

तिनं फोन ठेवला. चेतनानं बल्ब परत बसवला, रत्नप्रभानं आपल्या घरात जाऊन मेन लावला, आणि जिना उजळला. दोन्ही दारं, पायऱ्यांचे झिजलेले काठ, भिंतीवर मुलांनी पेन्सिलीनं केलेल्या वर्षानुवर्षांच्या बेरजा-वजाबाक्या, सगळं एकदम वर आलं. तो दिवा दिवसाही लागायचा, रोजच असायचा, म्हणून तिनं तो कधी नीट बघितलाच नव्हता. आता ती मान वर करून बघत राहिली, मान दुखेपर्यंत.

मग घरात जाऊन तिनं आपला मेन वर केला, आणि एक-एक करून तिन्ही छोटे खटके. शेवटचा, आतल्या खोलीचा वर करताना मोठ्या खटक्याखाली, मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा धरावा तसा, तिनं तळहात धरून ठेवला. खटका जागचा हलला नाही.